अर्ध्यावर तुटणारं वाक्य

"काकांना ऐकू येतं ना?" दुकानदाराने काकूंना विचारलं, तेही काकांच्या तोंडावर.

काकांनी मोबाइलवर टाइप करून तो त्याच्या नाकाशी धरला. 'ऐकू येतं. बोलता येत नाही.'

"अच्छा, अच्छा!" म्हणत दुकानदाराने आवाज आणखी चढवला.

काकांची उभी हयात बसस्थानकावर घोषणा करण्यात गेली होती. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला. भाचीने जुन्या घोषणांची रेकॉर्डिंग मिळवून कॉम्प्युटरला मामाचा आवाज शिकवला. काकांनी टाइप करायचं, कॉम्प्युटरने बोलायचं. एवढं काम कॉम्प्युटरला झेपावं म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि तिथेच घोडं अडलं. "अगं, जरा इकडे" एवढं बोलून कॉम्प्युटर बंद पडायचा.

"कार्ड चांगलं आहे, मामा," भाची फोनवर म्हणाली. "त्याने जोर लावला की जुन्या पॉवर सप्लायची वीज पुरत नाही. मोठा घ्या."

काल याच दुकानातून मोठा आणला. त्यात कार्डाला हवी असलेली एक वायर कमी होती, म्हणून दुकानदाराने दुसऱ्या वायरीला लावायचा जोड दिला. कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, म्हणून आज तो पॉवर सप्लाय घेऊन दोघं परत आले होते.

"अहो, साडेआठशे वॉट लिहिलंय यावर!" दुकानदार म्हणाला.

"लिहायला काय जातंय?" काकू म्हणाल्या. "तुमच्या जोडाचा चटका बसला यांना."

"मग कार्डच खराब असणार."

काका भराभर टाइप करू लागले. ते पुरं होईपर्यंत दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा. एके काळी काकांच्या एका वाक्यावर अख्खं स्थानक पिशव्या उचलून धावायचं. त्यांनी काउंटरवर थाड्कन हात आपटला. सगळे वळून बघू लागले आणि काकांना पुढे काय करावं ते सुचेना. डोळे भरून आले.

"तुम्ही नुसतं लिहा हो," काकू हळूच म्हणाल्या. "भांडायचं मी बघते."

मोबाइल घेऊन त्यांनी मोठ्याने वाचलं, "साडेसहाशेचा चालेल, पण चांगल्या कंपनीचा. कार्डाच्या दोन्ही वायरी थेट पॉवर सप्लायच्या डब्यातून निघायला हव्यात. जोड नको." पुढचं पदरचं घातलं, "आणि हा परत घ्या. तोवर मी इथून हलत नाही." स्टूल ओढून त्या दारातच बसल्या.

दुकानदार कुरकुरत माळ्यावर चढला आणि एक जड खोकं घेऊन उतरला.

घरी भाचीने फोनवरून एकेक वायर सांगितली, काकांनी लावली. काकू स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. काकांनी मुद्दामच लांबलचक वाक्य टाइप केलं आणि श्वास रोखून बटण दाबलं.

"अगं ऐकतेस का, तो माळ्यावरचा पंखा खाली काढायचाय, जरा स्टूल धरायला ये बघू!"

"आले, आले! ओरडताय कशाला?" आतून जुन्या सवयीने उत्तर आलं.

मग नळ बंद झाल्याचा आवाज आला. काका दाराकडे बघत राहिले. बराच वेळ काकू बाहेर आल्याच नाहीत.