खरवडलेलं फाटक

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचा मार्च महिना. लखनौत तेलीबागेच्या बाजूला एका सरकारी खात्याची नवी वसाहत उठत होती आणि तिच्या रस्त्यांचा नकाशा ड्राफ्ट्समन देवानंद गजभिये यांच्याकडे होता. एका सकाळी ऑफिसला जाता जाता ते सायकल टेकवून रस्त्याकडेला तासभर उभे राहिले नि जाणारे-येणारे मोजू लागले. मोटारी चार. स्कूटर सतरा. सायकली दोनशे दहा. पायी चालणाऱ्यांचा आकडा दोनदा चुकला, तेव्हा त्यांनी हसून वही मिटली. मोटारींसाठी रस्ते आखणारे पैशाला पासरी मिळतात हो. हा माणूस पायांसाठी आखायला बसला होता!

"चाळीस फुटांत मधे अठरा गाड्यांना," रात्री जेवताना ते बायकोला, सुनंदाला सांगत होते. "दोन्हीकडे पाच-पाच सायकलींना, सहा-सहा चालणाऱ्यांना. अन् आपल्या लाइनीकडे एक फाटक."

आपली लाइन म्हणजे वसाहतीच्या मागची जुनी बैठी घरं. शिपाई, सफाईवाले, नागपूर-वर्ध्याकडून आलेली पाच-सहा बौद्ध कुटुंबं तिथं राहत. पोरांची शाळा वसाहतीपलीकडे. आजवर ती मोकळ्या शेतातून जात; आता कुंपणाची भिंत होणार. फाटक नसेल तर वळसा घालून रायबरेली रोडनं, ट्रकांच्या कडेकडेनं.

"साहेब ठेवतील काय जी फाटक?" सुनंदानं विचारलं.

"काहून नाही ठेवणार? आपला माणूस आहे."

आपला माणूस म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर दीनानाथ साने, पुण्याचे. परमुलखात मराठी बोलणारा साहेब मिळाला म्हणून देवानंदरावांना कोण आनंद! साहेब त्यांच्या घरी येऊन, बाजेवर बसून, सुनंदाच्या हातचं पोटभर जेवले होते. नऊ वर्षांच्या बेबीला म्हणाले होते, "तुझ्या शाळेचा रस्ता बाबा काढणार नि मी पास करणार."

"पक्का, अंकल?"

"अगदी पक्का. शब्द दिला."

नकाशा सही करून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि देवानंदराव भावाच्या लग्नाला नागपूरला गेले. परतले ते थेट वसाहतीच्या कामावर. फाटकाच्या जागी गवंडी विटांवर विटा चढवत होता.

"अरे भैया, रुको! यहाँ फाटक है!"

"नक्शे में तो दीवार है, बाबूजी," गवंड्यानं कागद पुढं केला. "दस्तखत भी आप ही का है।"

ते धावतच ऑफिसात आले. नकाशाचं मूळ ट्रेसिंग काढून खिडकीच्या उजेडात धरलं. फाटकाची शाई ब्लेडनं खरवडलेली, कागद तिथं पातळ झालेला. फुटपाथ गेला, सायकलींची पट्टी गेली. रस्ता तीस फूट, उरलेले दहा बंगल्यांच्या बागांना. खाली सही तेवढी जशीच्या तशी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ट्रेसिंग घेऊन ते साहेबांच्या खोलीत शिरले.

"बसा, देवानंदराव," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. अधिकाऱ्यांच्या बायकामंडळींचं म्हणणं पडलं, मागच्या लाइनीतले लोक सारखे दारावरून जाणार, बरं दिसत नाही. आणि तुमचं मी पाहिलंय हं!" त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. वसाहतीतल्या क्वार्टरचं अलॉटमेंट. "बेबीला आता फाटक कशाला हवं? तुम्ही काही आता त्यांच्यातले राहिला नाहीत. फक्त नव्या नकाशावर 'रिवाइज्ड', बदल मान्य, म्हणून एक सही ठोका."

अहाहा, काय हे औदार्य! चाळीस पोरांची वाट बुजवायची आणि एकीला आत उचलून घ्यायचं!

देवानंदराव उभेच राहिले. "साहेब, त्यांच्यातला म्हणजे मीच. माझ्या घरी जेवलात तेव्हा कुठल्या लाइनीत बसला होता तुम्ही?"

साहेबांनी अलॉटमेंटचा कागद आणखी पुढं सरकवला.

"सगळं खरवडलंत, मग सही का ठेवली?" देवानंदरावांनी टेबलावरचं ब्लेड उचललं आणि ट्रेसिंगवरचं स्वतःचं नाव खरवडून काढलं. अलॉटमेंटचा कागद परत सारला. "भिंत तुमची आहे. नाव पण तुमचंच घाला. अन् मी हे वर लिहून कळवणार आहे."

घरी बेबी दारातच उभी होती. "पापा, अंकल ने तो प्रॉमिस किया था ना?"

"केलं होतं, बेटा. चूक माझी. मी कागदावर लिहून नाही घेतलं."

भिंत पुरी झाली. शाळा उघडली त्या दिवशी लाइनीतली पोरं रायबरेली रोडनं निघाली. ट्रकांच्या बाजूला सायकल हातात धरून देवानंदराव, दुसऱ्या टोकाला सुनंदा. हॉर्न वाजला की पोरं चिखलात उतरत. वसाहतीच्या मोठ्या गेटाशी बेबी थांबली नि बाबांची वही उघडून आतला तीस फुटी रस्ता पाहत राहिली.

"चल ना, बेटा."

"रुको पापा, गिन रही हूँ।" तिनं पेन्सिलीनं एकच रेघ ओढली. "एक ही कार गई. साने अंकल की."

त्या वहीत पुढं वर्षभर आत जाणाऱ्या गाड्यांचा रोजचा आकडा आहे. दर महिन्याला त्याची नक्कल वरच्या ऑफिसात गेली. उत्तर अजून आलेलं नाही.