इंजिन बंद पडायला हवं

आमच्या ह्यांचे कान म्हणजे गॅरेजचं भांडवल. गाडी दारात थांबायच्या आधीच हे तिचं दुखणं सांगायचे. म्हणूनच वर्षभरापासून ह्यांना कमी ऐकू येतंय, हे मी बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. ह्यांना विचाराल तर, "हीच तोंडातल्या तोंडात बोलते." मी! माझा आवाज गल्लीच्या टोकाला जातो. टीव्हीच्या आवाजावरून शेजारीण भांडायला आली, तर हे तिलाही म्हणाले, जरा मोठ्याने बोला.

त्या दिवशी हॉस्पिटलातल्या सिस्टर गाडी घेऊन आल्या. चढावर इंजिन खडखडायचं. ह्यांचा संशय ईजीआर व्हॉल्व्हवर. जळालेला थोडा धूर तो परत इंजिनात सोडतो, म्हणजे ते फार तापत नाही. त्याची परीक्षा उलटी असते. गाडी उभ्या जागी चालू ठेवायची आणि हवा ओढणारा छोटा हातपंप लावून व्हॉल्व्ह उघडायचा. धुराने गुदमरून इंजिन बंद पडलं तर सगळं ठीक. मजेत चालू राहिलं तर व्हॉल्व्ह गेला.

लग्न झाल्यापासून या कामाला किल्लीवर मी. ह्यांनी पंप दाबला. दोन-तीन आचके देऊन इंजिन बंद पडलं, माझ्यासमोर लाल दिवे लागले. शेजारच्या दुकानातला कॉम्प्रेसर तेवढा जमीन हादरवत होता.

ती थरथर इंजिनाची समजून हे पंप दाबतच राहिले.

"चालूच आहे!" बॉनेटआडून ओरडले. "व्हॉल्व्ह बदलावा लागेल, सिस्टर."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले असते तर ह्यांची लाज राहिली असती. पण आज चांगला व्हॉल्व्ह भंगारात, उद्या कुणाचे ब्रेक?

रागही आला आणि रडूही. मी खाली उतरले, मडगार्डवरचं जाड कापड ओढून काढलं आणि ह्यांचा मोकळा हात धरून पत्र्यावर टेकवला. परत आत बसून गाडी चालू केली आणि पंप दाबायची खूण केली.

पत्रा थरथरला, आचके बसले, सगळं थांबलं. हात तिथेच राहिला.

"मघाशीही बंद पडली होती?"

मी मान डोलावली.

मला वाटलं, आता पंप आपटतात. पण हे वाकले, व्हॉल्व्हला जाणारी नळी बोटांनी चाचपली, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मग हात पुसत सिस्टरकडे गेले.

"व्हॉल्व्ह उत्तम आहे. नळी चिरलीय, ती बदलतो. पण माझे कान गेलेत. तुमच्याकडे कानाचे डॉक्टर कधी असतात?"

सिस्टरनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं. हे माझ्याकडे वळले.

"काय म्हणाल्या गं? मोठ्याने सांग. मला ऐकू आलं नाही."

आणि गल्लीच्या टोकाला जाणारा माझा आवाज नेमका तेव्हाच फुटेना.