किल्ली कुणाकडे?

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि कुणाची माफी मागायला बोलत नाही. कारखान्यात मला घडवलं, मग एका कचेरीत मी वर्षानुवर्षं राबलो. नवा आला तसा मी अडगळीत गेलो. तिथून मला बाजारात कपडे शिवणाऱ्या ताईंनी आणलं, फटीतली धूळ सुईनं काढली आणि शिलाई मशीनशेजारच्या जुन्या संगणकाला जोडलं.

बाजारातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कायमचं कुलूप होतं. ताईंनी शहराच्या ऑनलाइन चर्चेत सविस्तर लिहिलं: आम्ही दिवसभर पाणी पीत नाही, पोटात कळा येतात, भाजीवाल्या मावशी तर परवा चक्कर येऊन पडल्या. व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी खाली एकच शब्द टाकला: "रडगाणं." हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ताईंचे कान लाल झाले.

"ठेवून दे की एक सणसणीत!" शेजारी बसलेली त्यांची थोरली नणंद म्हणाली.

ताईंनी माझ्यावर बोटं आपटली: "निर्लज्ज." मग थांबल्या आणि ते खोडलं.

"घाबरलीस?"

"छे! तो चिडेल, मला बरं वाटेल आणि कुलूप तसंच राहील."

त्यांनी दोनच शब्द लिहिले: "किल्ली कुणाकडे?"

अध्यक्ष लिहीत सुटले. बाजाराची प्रतिष्ठा काय, संघाचं कार्य काय! ताईंनी पुन्हा तेच विचारलं. मग लोकच म्हणू लागले, बाई तोडून बोलते, चर्चेची काही रीत असते.

ताईंनी लिहिलं, "सविस्तर लिहिलं तेव्हा रडगाणं झालं. आता किल्ली."

त्याखाली मावशींनी विचारलं, "किल्ली कुणाकडे?" मग फुलवाल्या काकूंनी. शेवटी अध्यक्षांच्याच दुकानातल्या विक्रेत्या मुलीनं उत्तर दिलं, "आमच्या गल्ल्यात. स्वच्छतागृहात मालाची खोकी भरलीत."

दुसऱ्या दिवशी बायकांनी किल्ली मागून घेतली आणि खोकी दुकानाच्या दारात रचून ठेवली. मुलीची नोकरी गेली. आता ती ताईंकडे काजं-बटणं करते आणि मान वर करून बाजारातून जाते.

ताई हल्ली मोबाइलवर लिहितात. माझ्यावर चहाचे कप ठेवतात. ठेवू देत! पण मित्रांनो, शब्द जपून वापरा म्हणजे घाबरून वापरा असं नव्हे. तुमच्या उत्तरानं समोरच्याला बोलायला जागा उरते की त्याचं तोंड दाबलं जातं, एवढं पाहा. मग एकाच शब्दात बोललात तरी चालेल. आणि खऱ्या प्रश्नाला कुणी उद्धट म्हणालं, तर तो पुन्हा विचारा.