मृदंगाची कणीक

सोपानराव मृदंग शिकणार, ही बातमी पिंपरी गावात मृदंगाच्या आवाजाआधी पोचली. आवाज पुढं कधी पोचलाच नाही.

बातमी पसरवली ती खुद्द सोपानरावानंच. औषधाच्या नव्या कारखान्यात तो नुकता चिकटला होता. भोंगा झाला की सायकलवरून थेट पारावर यायचं आणि छाती फुगवून सांगायचं, "वेळ कुठं गावतोय राव? शिफ्ट हाय, म्हशी हायत, मळ्याचं पाणी हाय. पर आबांचा मृदंग वाजवायचा म्हंजे वाजवायचा!"

त्याच्या बायकोला, मंजुळाबाईला, हे ऐकून हसावं की रडावं कळत नसे. म्हशींचं शेण ती काढत होती. मळ्याला पाणी धाकटा दीर पाजत होता. राहिली शिफ्ट, तिथं हा काय दिवे लावत असेल ते तिला घरबसल्या दिसत होतं.

मृदंग आबांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, अर्जुनरावांचा. खरं तर गावाचा. पण जो वाजवील त्याच्या घरी तो राहायचा, असा रिवाज होता. अर्जुनराव गेले तेव्हा भजनाचे म्होरके मालोजीबुवा येऊन सांगून गेले, "चैतात मारुतीच्या देवळात सप्ताह बसंल. तवर सोपाना तयार झाला तर मृदंग हितंच. न्हाईतर चिमाजीच्या घरी जाईल, त्यो बी वाजवतोय."

मंजुळाबाईला तेव्हाच धास्ती पडली होती. कारण म्हाताऱ्यानं शेवटच्या दुखण्यात मुलाला नाही, सुनेला जवळ बोलावलं होतं. "पोरी, मृदंगावर ध्यान ठेव. सोप्याचं काय खरं न्हाई." बापानं पोराला पुरतं ओळखलं होतं.

वाजवण्याआधी मृदंगाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली गव्हाची कणीक थापतात, तेव्हा कुठं तो घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. अर्जुनरावांचे हात थरथरायला लागल्यापासून हे खरवडणं सुनेकडं आलं होतं. बोटाच्या नखानं ती कातड्याला ओरखडा न पाडता अलगद कणीक सोडवायची आणि ओल्या फडक्यानं तोंड पुसायची.

सोपानरावानं विद्येची सुरुवात केली ती आळंदीपासून. तिथल्या एका बुवांनी चार बोल सांगितले आणि रोज घोटायला लावले. बोल वाटेतच सांडले. घरी आलं ते नवं उपरणं, काळी टोपी आणि बुक्क्याची पुडी. तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच तमाशा. टोपी चढवायची, मांडी ठोकायची, आणि आत हाक, "अगं ए, कणीक आण!"

घरात बाजरीची भाकरी, गहू सणासुदीला. पोरं पोळीसाठी रडायची आणि इकडं मृदंगाला रोज कणकेचा नैवेद्य. एवढं करून वाजवेल तर शपथ. एक थाप मारायची, कान लावायचा, "हवा दमट हाय," म्हणायचं, की कुणीतरी बाहेरून हाक मारायचंच. मग स्वारी उपरण्यासकट पारावर. कणीक खरवडायला मंजुळाबाई होतीच.

सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळीही तेच झालं. कणीक थापली, आणि दारात पारावरचा दोस्त हिंदुराव नवी सायकल घेऊन उभा. सोपानरावानं ओल्या कणकेवरच मृदंगाची गवसणी ओढली, नाडी न आवळताच मृदंग कोपऱ्यात ठेवला आणि निघाला.

"अवं, ती कणीक!" मंजुळाबाई म्हणाली.

"आल्यावर बसणारच हाय की! तुला काय कळतंय त्यातलं?"

या एका वाक्यानं तिचं डोकं फिरलं. रोज नखं झिजवणारी मी, आणि मलाच कळत नाही? ज्यानं लावली त्यानंच काढावी. फजिती होऊ दे चारचौघांत एकदा! ती चुलीपुढं गेली ती मृदंगाकडं फिरकली नाही. सोपानराव आला, जेवला आणि आडवा झाला.

सकाळी देवळात सगळा गाव जमला. सोपानरावानं टोपी सारखी केली, घसा खाकरला, हात जोडले आणि थाटात गवसणी उतरवली. कणकेची वाळकी कड तेवढी उरली होती. मधलं कातडं उंदरांनी कणकेसकट फस्त केलं होतं. पहिल्यांदा पोरं हसली, मग मोठी माणसं.

"बरं झालं," मालोजीबुवा म्हणाले, "कुणीतरी यावर मन लावून बसलं म्हनायचं!"

फुटका मृदंग चिमाजीनं खांद्यावर घेतला. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या मंजुळाबाईला हवी होती ती फजिती डोळ्यांदेखत झाली. ती मात्र चिमाजीच्या पाठीकडं बघत राहिली, आणि हसणाऱ्या बायकांचा तिला संताप आला.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. घरी आल्यावर त्यानं टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "आता पेटी शिकायची. तिला कणीक लागत न्हाई."

मंजुळाबाई चुलीकडं वळली. सप्ताहाचा पहिला दिवस म्हणून पोळ्या करायच्या होत्या. तिनं कणीक मळली, आणि हातानं सवयीनं एक गोळा तोडून परातीच्या कडेला ठेवला.

"आई, यो कुणाचा?" थोरल्या पोरीनं विचारलं.

"तुझ्या आज्याचा," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हमसून रडली.