भिंतीपलीकडचा डिरे

ठक्! ठक्! ठक्!

भिंतीवर पलीकडून काठी आपटली आणि भर झिम्मा-फुगडीत चौदा बायका जागच्या जागी थिजल्या. कुणाचा हात वर, कुणाचा पाय वर. मी फुगडीतल्या अरुणाचे हात असे सोडले की ती भिरभिरत थेट सोफ्यावर जाऊन आदळली. माझा गिरीश म्हणतो, आई, तू वाढवून सांगतेस. सांगते. पण ही गोष्ट कमीच करून सांगतेय.

"झालं समाधान?" माझी धाकटी बहीण प्रमोदिनी पांढरीफटक पडली होती. "सांगत होते ना, ताई? मिस्टर मरेंचं हार्ट किती वीक आहे! त्यांना काही झालं तर?"

हे कार्डिफला, दोन हजार सहाच्या श्रावणात. तिच्या सुनेची, अक्षयाची, पहिली मंगळागौर. मंगळवारची रजा कुणाला मिळणार, म्हणून शनिवारी, आणि रात्र जागवायच्या ऐवजी भर दुपारी. मी लंडनजवळच्या पिनरहून भाजणीचे वडे घेऊन आले होते, आणि डोक्यात नुसते खेळ.

प्रमोदिनी हॉस्पिटलात नर्स, आणि जन्मभर नाइट शिफ्ट. सकाळी येऊन झोपायची, त्यामुळे दिवसभर घर कुजबुजायचं. तिचे यजमान कमलाकरराव टीव्हीचा आवाज बंद करून क्रिकेट बघायचे, आणि कोण आउट झालं ते लेकाला, छोट्या मिहीरला, बोटांनी सांगायचे. मिहीर रडायचा तोही उशीत तोंड खुपसून. दार लावायचं तर लॅचवर बोट ठेवून, मांजराच्या पावलानं. ती रिटायर झाली, तरी घराची सवय जाईना. तिच्याकडे कुकरसुद्धा शिट्टी द्यायच्या आधी इकडेतिकडे बघतो, असं मी सगळ्यांना सांगते.

आणि शेजारचे मिस्टर मरे. स्कॉटलंडचे, रिटायर्ड शाळामास्तर, एकटे. दोन घरांत एकच भिंत. हार्टचं दुखणं, म्हणून पलंग खाली पुढच्या खोलीत आणलेला. गोळ्या प्रमोदिनी बघायची, किल्लीही तिच्याकडेच. त्यांच्यापायी ती मंगळागौरीला तयारच नव्हती. अक्षयाचे डोळे भरले तेव्हा कुठे म्हणाली, "ओके, पण हळू."

हळू फुगडी! ऐकलीय कुणी?

तर ती किल्ली घेऊन धावली, मागे मी, नऊवारी सावरत. म्हातारबुवा उशीला टेकून बसलेले, हातात काठी, तोंड लालबुंद. प्रमोदिनीनं आधी नाडी धरली.

"सॉरी, मिस्टर मरे. व्हेरी सॉरी. बंद केलंय आम्ही."

"बंद का केलंत?" ते खेकसलेच. "मोठ्यानं करा म्हणून ठोकलं मी! निम्मं ऐकूच येत नव्हतं!"

माझा आ वासलेला तसाच.

मग धाप लागत लागत म्हणाले, "सिस्टर, आमच्या जुन्या स्कॉट्स कवितांत एक शब्द असतो, डिरे. लग्नात, जत्रेत लोक नाचतात, ओरडतात, टेबलं उलटी होतात, कुणाला कशाचं भान राहत नाही. तो सगळा धिंगाणा म्हणजे डिरे. दरवर्षी मी तो मुलांना शिकवला. फळ्यावर अर्थ लिहायचो, आणि कुणी खुदकन हसलं की वर्गाबाहेर काढायचो. माझा वर्ग शाळेत सगळ्यात शांत, याचा मला केवढा अभिमान! आज तो डिरे मी पहिल्यांदा कानांनी ऐकला. आणि तुम्ही बंद केलात."

प्रमोदिनी त्यांचं मनगट धरून तशीच उभी. नाडी कधीच मोजून झाली असणार.

"ताई," ती मराठीत म्हणाली, "मिहीर लहानपणी कधी ओरडलेला आठवतो तुला?"

मी तोंड उघडायच्या आतच तिनं ते मनगट सोडलं.

"बोलाव सगळ्यांना."

"कुठे?"

"इथे. त्यांच्यासमोर."

"अगं, आणि त्यांचं हार्ट?"

"मी आहे ना!"

चौदा नऊवाऱ्या, चौदा नथी, कार्डिफच्या त्या गप्प गल्लीत भर दुपारी एका दारातून निघाल्या आणि दुसऱ्या दारात शिरल्या. समोरून येणारा पोस्टमन सायकलवरून पडला. बरं, पडला नाही, उतरला.

मला वाटलं, प्रमोदिनी आता पलंगाशी बसून राहील. तिनं पदर खोचला, अक्षयाचे हात धरले आणि फुगडीला सुरुवात केली. आणि ओरडली, "जोरात गं! अजून जोरात!"

मी दचकले. हा आवाज मी आमच्या परकर-पोलक्यानंतर ऐकलेला नव्हता. दारात मिहीर उभा होता, चेहऱ्यावर रंग नाही.

"मावशी," तो कुजबुजला, "हा आईचा आवाज आहे?"

"तुझ्या आईचाच. विकत नाही आणला."

तेवढ्यात कुणाची तरी कंबर लागली आणि टीपॉटसकट टेबल आडवं झालं. प्रमोदिनी थांबली नाही. मिस्टर मरे पलंगाच्या लोखंडावर काठी बडवत ओरडत होते, "दॅट्स इट! दॅट्स डिरे!" डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर ते गेले. झोपेतच.

फ्युनरलला मी गेले होते. मोजकी माणसं, मऊ गालिचा. खोकलासुद्धा रुमालात.

घरी आलो. कमलाकररावांनी सवयीनं लॅचवर बोट ठेवलं आणि दार हळूच लोटायला घेतलं.

"सोडा," ती म्हणाली.

त्यांनी हात काढला. तिनं दार धरलं आणि असं धाडकन आपटलं की कपाटातल्या बश्या खुळखुळल्या.

ती कोटही न काढता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग आम्हीही उभे राहिलो. बश्या हळूहळू गप्प झाल्या. पलीकडून काही आलं नाही.