पाच टनी जॅक

मंचरच्या आठवडे बाजारात भिमाजींना एकट्यानं फिरायला कधी मिळालंच नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढून ते अवसरी खुर्दला परत आले, निम्म्या गोठ्याला पत्रे ठोकून त्यांनी घरचं वर्कशॉप उभं केलं, आणि तेव्हापासून गावात कुणाला ड्रिल मशीन घ्यायचं असो की पान्यांचा सेट, तो आधी त्यांच्याकडे यायचा. कमी पैशात टिकेल असं काय, ते त्यांच्या हाताला कळायचं. पक्कड घेतली की तिचे जबडे मिटवून ते उजेडापुढं धरायचे. फट दिसली की मुकाट्यानं परत ठेवायचे. दहा-अकरा आणि बारा-तेरा हे पाने रोज लागतात, तेवढे चांगल्या कंपनीचे घ्या, बाकीचे कसलेही चालतात, असं सांगायचे. लोक ऐकायचे, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघायचं.

२००२ च्या दिवाळीनंतर बाजारात परगावचा एक विक्रेता ताडपत्री अंथरून बसला. त्याच्याकडे बाटलीच्या आकाराचे हायड्रॉलिक जॅक होते. लाल रंग, अंगावर 'पाच टन' असा पांढरा शिक्का, आणि किंमत दुकानातल्यापेक्षा निम्मी. भिमाजींनी एक उचलून पाहिला. दांडी हापसून आतला दट्ट्या वर घेतला, अंगठ्यानं दाबला. दट्ट्या हलला नाही. त्यांनी दोन जॅक घेतले, एक स्वतःला आणि एक जावयाला. गावाहून बरोबर आलेल्या चिमाजी आणि बहिरूनंही त्यांच्या शब्दावर एकेक घेतला.

बाजाराच्या तोंडाशी महंमद हनीफ यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांची आणि भिमाजींची जुनी ओळख. हनीफभाईंनी जॅक हातात घेऊन उलटासुलटा केला.

"भाऊ, आतला तेल धरणारा सील कसला असंल, सांगता येत न्हाई."

"या भावात अजून काय मागायचं, हनीफभाई?" भिमाजी म्हणाले, आणि विषय तिथंच संपला.

जावई ऋषी पिंपळवंडीचा. नारायणगाव ते आळेफाटा त्याची काळी-पिवळी जीप चालायची, आणि गाडीची बारीकसारीक कामं तो स्वतःच करायचा. जॅक बघून तो खूश झाला. "मामा, गॅरेजवाल्याच्या पाया पडायचं मिटलं," म्हणाला.

जानेवारीतल्या एका सकाळी, दहाच्या सुमारास, भिमाजींनी आपल्या ट्रॉलीची एक बाजू जॅकवर उचलली. बेअरिंगचं काम होतं. चाक काढलं, सवयीनं लाकडाचा जाड ठोकळा साच्याखाली, म्हणजे ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्याखाली, सरकवला आणि ते रॉकेलमध्ये बेअरिंग धुवायला बसले. वीसेक मिनिटं गेली असतील. मागं कुणीतरी दमून उसासा टाकावा तसा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं. ट्रॉली ठोकळ्यावर टेकली होती. जॅकचा दट्ट्या पूर्ण आत गेला होता आणि त्याच्याभोवती काळ्या तेलाचा डाग पसरत होता.

ते तसेच उभे राहिले. जॅक फुकट गेला, हा विचार मनात आलाच नाही. त्यांना आठवला तो आदल्या संध्याकाळचा लेकीचा फोन.

"उद्या हे गाडी काढणार न्हाईत, आप्पा," तेजस्विनी म्हणाली होती. "मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय. सकाळी घरीच बदलायचा म्हणत्यात."

भिमाजींनी तेव्हा कौतुकानं विचारलं होतं, जॅक कसा चाललाय म्हणून. "लई भारी," असं उत्तर आलं होतं.

ते घरात गेले आणि पिंपळवंडीचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. फोन कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. साळुबाई, त्यांची बायको, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या.

"काय झालं?"

भिमाजींनी सांगितलं. साळुबाईंनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "पावण्यांनी खाली ठोकळा लावला असंल की."

"मी सांगितलंच न्हाई त्यांना."

कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट होती ती. जॅकवर नुसतं उचलायचं, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. ती त्यांच्या हातात इतकी मुरली होती की जॅक देताना ती तोंडानं सांगायची राहून गेली.

"तू फोन लावत राहा," ते म्हणाले. "उचलला की एवढंच सांग, गाडीखालनं बाहेर या."

त्यांनी आपली छोटी एम-एटी गाडी काढली. मंचरपर्यंत ठीक होतं, पण हायवेला कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती आणि मधून माणूस जाईना. हनीफभाईंनी दुकानातून त्यांना पाहिलं आणि ते पायऱ्या उतरून खाली आले. त्यांना चेहऱ्यावरूनच काहीतरी कळलं असावं. भिमाजींनी चार वाक्यांत सांगितलं. हनीफभाईंनी दुकानातून एकदा फोन लावून पाहिला. लाइन एंगेज होती.

"कुणीतरी बोलतंय," ते म्हणाले.

"न्हाई. साळूचाच फोन चालू असंल."

हनीफभाईंनी शेजारच्याला दुकान बघायला सांगितलं आणि आपली मोटरसायकल बाहेर घेतली. "बसा मागं, आतल्या वाटेनं काढतो. तुमच्या गाडीनं दुपार व्हईल." मग थांबून म्हणाले, "पहार घिऊ का?"

पहार कशाला लागेल, हे भिमाजींच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. पहार मांडीवर आडवी धरून ते मागं बसले.

मोटरसायकल कळंबच्या पुलाकडं निघाली. भिमाजी मनात हिशेब करत होते. आपला जॅक वीस मिनिटांत बसला, पण ट्रॉली रिकामी होती. जीप जड. मग कमी वेळ लागेल. पण दोन्ही जॅक सारखेच खराब असतील असं थोडंच आहे. एखादा बरा निघतो. ऋषीनं कदाचित उशिरा काम काढलं असेल. कदाचित चहा प्यायला बाहेर आला असेल. असा प्रत्येक विचार ते धरून बघत, आणि मग तो लाल रंग आणि त्याखालचं काळं तेल पुन्हा समोर येई.

नारायणगावच्या स्टँडपाशी काळ्या-पिवळ्या जीप उभ्या होत्या. भिमाजींनी प्रत्येकीचा नंबर वाचला. हनीफभाईंनी गाडी हळू करून एका ड्रायव्हरला विचारलं, "ऋषी आलाय का आज?"

"न्हाई. गाडी घरीच लावलीय त्यानं. काम काढलंय म्हणत व्हता."

पुढचे सात-आठ किलोमीटर भिमाजींना नंतर कधीच आठवले नाहीत.

ऋषीचं घर उसातून जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटी, एकटं होतं. मोटरसायकल बंद केली तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला तो लांबच्या शेतातल्या पाण्याच्या इंजिनाचा आवाज. दुसरा आवाज घराच्या आतून येत होता. दाराला बाहेरून कडी होती आणि आत फोन वाजत होता. साळुबाई फोन लावत होत्या.

जीप अंगणाच्या कडेला उभी होती, मागच्या बाजूनं एका अंगाला कललेली. उजवं मागचं चाक काढलेलं. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. एका पायात चप्पल होती, दुसरी बाजूला पडली होती.

"पावणं," भिमाजींनी हाक मारली.

ते दोन पावलं पुढं गेले.

"ऋषी." लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाला असं नावानं कधी बोलावलं नव्हतं.

अनवाणी पायाचा अंगठा हलला.

भिमाजी जमिनीवर पालथे झाले. गाडीचा साचा ऋषीच्या छातीवर टेकला होता. तोंड एका बाजूला वळलेलं, ओठ निळसर, डोळे उघडे. ते डोळे भिमाजींकडे वळले. तो श्वास घेत होता, पण नुसता गळ्यापाशी. बोलायला लागणारी हवा छातीत मावत नव्हती. हातभर अंतरावर जॅक उभा होता. दट्ट्या अजून दोन बोटं वर होता आणि त्याच्या कडेनं तेलाची बारीक धार चकाकत खाली येत होती.

हनीफभाईंनी दांडीला हात घातला. "उचलतो मी."

"हात लावू नका." भिमाजींचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "एक हिसका बसला तर सील जाईल. आधी खाली काहीतरी घालू."

हनीफभाई विटा घेऊन आले. वीट फुटेल, म्हणून त्या टाकल्या. जळणाच्या ढिगात बाभळीचा एक ओंडका होता, मांडीएवढा जाड. तो दोघांनी ओढत आणला, खाली सपाट दगड लावला, आणि जॅकच्या शेजारी साच्याखाली सरकवला. वर तीन बोटांची फट राहिली. भिमाजी ढिगातली फळकुटं घेऊन एकेक त्या फटीत ठोकू लागले. जोरात ठोकायची भीती, हळू ठोकायची भीती. दुसरं फळकूट बसलं आणि तिसरं हातात असताना तो आवाज आला. सकाळी ऐकलेला तोच उसासा.

गाडी बसली. ऋषीच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला. ओंडका करकरला, तिरपा झाला, आणि थांबला.

भिमाजींनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा हात अजून साच्याखालीच होता.

"धरलंय ओंडक्यानं," हनीफभाई म्हणाले. "आता पहार लावू."

दुसऱ्या बाजूला दगड ठेवून त्यांनी पहारीचं टोक साच्याखाली घातलं. पहार आखूड पडली, तेव्हा अंगणात पडलेला पाण्याचा लोखंडी पाइप तिच्यावर चढवला. हनीफभाई अंगापिंडानं भारी. ते पाइपाच्या टोकावर पोट टाकून लटकले. साचा एक बोट वर आला. भिमाजींनी ओंडक्यावर फळी सारली. पुन्हा एक बोट, पुन्हा फळी.

तेवढ्यात तेजस्विनी आली. कांदे खुरपून जेवणाच्या वेळेला घरी येत होती. खुरपं हातात होतं. वडिलांना आपल्या अंगणात पालथं पडलेलं बघून ती थबकली, आणि मग तिला पाय दिसले. तिचं खुरपं खाली पडलं.

"पाय धर त्यांचं," भिमाजी म्हणाले. "मी म्हणल्याबिगर ओढू नको."

ती खाली बसली आणि दोन्ही घोटे घट्ट धरले. हनीफभाईंनी पुन्हा सगळं वजन टाकलं. साचा अजून बोटभर वर गेला आणि ऋषीच्या सदऱ्याचं चिमटलेलं कापड मोकळं झालं.

"ओढ."

तो बाहेर आला. काही क्षण काहीच झालं नाही. मग त्यानं एक श्वास घेतला, फाटल्यासारखा, आणि त्या श्वासाच्या वेदनेनं त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेजस्विनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आत फोन अजून वाजतच होता. शेवटी हनीफभाईंनी कडी काढून तो उचलला आणि म्हणाले, "वहिनी, बाहेर काढलंय. जित्ता हाय."

शेजारच्या वस्तीवरच्या पिकअपमधून त्याला नारायणगावला नेलं. चार बरगड्या मोडल्या होत्या, गळपट्टीचं हाड मोडलं होतं, फुप्फुसाला मार होता. दोन दिवस डॉक्टर नक्की काही सांगेनात. ते दोन दिवस भिमाजी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. आत जायचं त्यांना धाडस होईना. तिसऱ्या दिवशी ऋषीनंच त्यांना बोलावून घेतलं.

"साचा लई हळू येत व्हता खाली," तो थांबत थांबत सांगू लागला. "आधी वाटलं, मलाच भास हुतोय. सदऱ्याच्या बटणाला टेकला तवा सरकाय गेलो, तर सरकता येईना. तीन हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात कुणाला जात्यात ऐकू. मग हाक माराय दमच उरला न्हाई."

भिमाजी खाली बघत होते.

"मग फोन वाजला. वाजायचा, थांबायचा. थांबला की लई भ्या वाटायचं. परत वाजला की वाटायचं, कुणाला तरी ठाव हाय."

"पावणं, चूक माझी हाय."

"तुमीच आला की, मामा," ऋषी म्हणाला, आणि त्याला खोकला आला.

त्याच संध्याकाळी भिमाजी चिमाजी आणि बहिरूकडं गेले. बहिरूनं ऐकलं आणि जॅक लगेच काढून दिला. चिमाजी मात्र हसला. "माझा चांगला चाललाय, नाना. दोन महिनं झालं, तेलाचा थेंब न्हाई."

"माझाबी त्या दिवसापस्तोर चांगलाच चालला व्हता," भिमाजी म्हणाले, आणि त्याच्या ओट्यावर बसले. चहा आला, तो घेतला नाही. चिमाजीनं जॅक आणून समोर ठेवला, तेव्हाच ते उठले. विक्रेता पुन्हा मंचरच्या बाजारात दिसला नाही.

पुढचे काही आठवडे भिमाजींनी भंगारातले अँगल आणून लोखंडी घोड्या बनवल्या, जॅकनं उचललेली गाडी ज्यांच्यावर टेकवून ठेवायची त्या. प्रत्येक घोडीवर त्यांनी दुप्पट वजन चढवून रात्रभर ठेवलं. पहिल्या दोन जोड्या पिंपळवंडीला गेल्या. बाजारात मात्र ते कुणाबरोबर जाईनासे झाले. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "पाना-पक्कड सांगतो. माणसाच्या अंगावर पडंल असं काय मी सांगणार न्हाई."

जूनमध्ये ऋषीनं जीप पुन्हा कामाला काढली. तो पहिल्यांदा गाडीखाली शिरणार होता त्या दिवशी भिमाजी सकाळीच हजर झाले. चारी घोड्या त्यांनी हातानं हलवून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. ऋषी पाठीवर झोपून खाली सरकला.

"मामा, घरात बसा. ऊन लागंल."

"बसतो हितंच," भिमाजी म्हणाले. त्यांनी जमिनीवर बसकण मारली आणि ऋषीच्या घोट्यावर हात ठेवला. काम तासभर चाललं. तेवढा वेळ त्यांचे डोळे साच्यावरून हलले नाहीत.