चिकणमातीतलं कॅडमियम

भर दुपारी दादा प्रयोगशाळेत शिरला तेव्हा ताई एकटीच होती. मातीचे नमुने तपासण्यात तिची वीस वर्षं गेली होती. दादाचा धातूवर मुलामा चढवण्याचा कारखाना होता, आणि त्याच्या कुंपणालगतच्या भाजीमळ्यातली माती या वेळी तिच्या टेबलावर आली होती.

"अहवालात काय लिहिलंयस?"

"कॅडमियम. मर्यादेच्या नऊपट."

"मळ्यातल्या विहिरीचं पाणी तर स्वच्छ निघालं!"

तिने दोन काचनळ्या दाखवल्या. एकीत वाळू, दुसरीत मळ्यातली चिकणमाती. दोन्हींत त्याच्याच कारखान्याचं सांडपाणी ओतलेलं. "वाळूतून धातू सरळ खाली आला. चिकणमातीने तो आपल्या कणाकणाशी धरून ठेवला, म्हणून विहीर वाचली. पण आता तू आम्ल सोडतोयस. आम्ल लागलं की माती धातू सोडते. तो पालकात उतरलाय, दादा. तो खाऊन मळ्याच्या माळीणबाईंची दोन्ही मूत्रपिंडं गेली."

"आकडा बदल."

"नाही बदलणार."

त्याने लोखंडी स्टँड उचलून नळ्यांवर घातला, मग तिच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. केसांना धरून त्याने तिचं तोंड ओट्यावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा.

"लहानपणापासून उलट बोलतेस!"

तिचा दात तुटला. डाव्या हाताला माती काढायचं गिरमिट लागलं. तिने ते जीव खाऊन त्याच्या मांडीत खुपसलं. तो किंचाळत कोसळला. रक्त थांबेना.

ती भिंतीला टेकून धापा टाकत राहिली. क्षणभर तिला वाटलं, वाहू दे. मग तिने अंगातला पांढरा कोट ओढून काढला, कोटाची बाही त्याच्या मांडीभोवती आवळली आणि डाव्या हाताने व उरल्या दातांनी गाठ मारली.

"हलू नकोस, मूर्खा. मरशील."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. तिने आधी रुग्णवाहिका बोलावली, मग पोलीस, आणि त्यांची वाट बघत अहवाल जसाच्या तसा पाठवून दिला.

कारखान्याला टाळं लागलं. दादाला चार वर्षांची शिक्षा झाली. माळीणबाई मात्र दोन महिन्यांतच गेल्या.

आई दर महिन्याला त्याला भेटायला तुरुंगात जाते. ताईशी ती फारसं बोलत नाही, पण निघताना दारात थांबते.

"काही सांगू का त्याला?"

ताई म्हणते, "अजून लंगडतो का, विचार."